पैजेला लागलेली मिशी

मी मिशी बोलतेय. ऐऱ्यागैऱ्याची नव्हे, एका निवृत्त मेजर जनरलसाहेबांची. नाकाखाली माझा मुक्काम आणि दोन्ही टोकं अशी वर वळलेली की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघायचा, मग साहेबांकडे.

साहेब फौजेत लागले तेव्हाचा माझा जन्म. सुरुवातीला मी अगदीच विरळ होते. "काय रे, ओठ पुसायचा राहिला का?" असं वरिष्ठ विचारायचे. साहेबांनी ते मनावर घेतलं. बारीक कंगवा आला, नाजूक कात्री आली आणि साहेबांचा हुद्दा वाढला तशी मीही अंगाने भरले. लढाईतही मी सोबत होते. तिथे साहेब पाय रोवून उभे राहिले होते, हे मी कुठेही सांगेन. चेष्टा करणार आहे ती त्यानंतरच्या दिवसांची.

ते दिवस रंगाच्या वासाचे. मी नाकाची शेजारीण, त्यामुळे मला हे पक्कं ठाऊक. साहेब जिथे पाहणीला जायचे तिथे आदल्या दिवशी रंग लागायचा. भिंतींना, फाटकाला, कुंड्यांना, एकदा तर वाळलेल्या गवतालाही हिरवा. दवाखान्यात गेलो तर चादरीला सुरकुती पडू नये म्हणून रोगीसुद्धा श्वास बेताने घ्यायचे. साहेब मला पीळ द्यायचे, "उत्तम" म्हणायचे आणि पुढे निघायचे. असं वर्षानुवर्षं चाललं. जग हे मुळातच चकचकीत असतं, अशी त्या भल्या माणसाची प्रामाणिक समजूत झाली.

मग निवृत्ती आली. स्वतःच्या घरात राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी साहेब बैठकीतल्या ओल आलेल्या कोपऱ्यासमोर थबकले.

"हिला काय झालं?"

"कुठे काय? भिंत आहे अहो, ती अशीच असते," बाईसाहेब म्हणाल्या. बाईसाहेब म्हणजे साहेबांच्या पत्नी. रंगाच्या वासातही त्यांचं नाक शाबूत राहिलं होतं.

पुढचे काही महिने साहेबांनी घराची पाहणी केली. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे रांगेत लागले. चहाच्या डब्यात हळद सापडली तेव्हा बाईसाहेबांनी हात जोडले. "अहो, कुठेतरी नोकरी धरा. तुमचे सगळे सोबती लागले बघा कामाला."

ते खरंच होतं. एक जण शाळेचे संचालक झाले होते आणि तिथली मुलं पाणी प्यायलाही कदम मिलाके जात होती. दुसरे रोज संध्याकाळी टीव्हीवर एक नवं युद्ध जिंकत. तिसऱ्यांनी आठवणी लिहायला घेतल्या होत्या आणि सगळ्या लढायांत तेच पुढे होते, असं त्यांना आता आठवू लागलं होतं. आमच्याकडे चालून आला तो बुटांचा कारखानदार.

हा मालक मोठा गोड बोलणारा. "सल्लागार म्हणून या साहेब," म्हणाला. मोटार मिळाली, केबिन मिळाली, फिरती खुर्ची मिळाली. सल्ला तेवढा कोणी मागितला नाही. मालकाला हवी होती ती मी. महिन्याभरात बुटांच्या खोक्यावर माझं चित्र छापून आलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते भयंकर आवडलं.

साहेब एकदा कारखाना बघायला गेले. फाटकातच मला ताज्या रंगाचा वास आला. आत कोऱ्या एप्रनमधले कारागीर ओळीने उभे आणि लांबलचक टेबलावर बूट मांडलेले. साहेबांनी वाकून एकेक बूट पाहिला. टोकाच्या चामड्यात मी लख्ख दिसत होते. आयुष्यभर साहेबांनी बूट तपासले ते असेच, वरून.

"उत्तम," साहेब म्हणाले.

मग आम्ही फौजेच्या खरेदीच्या कचेरीत गेलो. तिथला ब्रिगेडियर एकेकाळी साहेबांच्या हाताखाली नवखा लेफ्टनंट होता. साहेब आत शिरताच तो ताडकन उभा राहिला.

"सर, बूट छान आहेत," तो चाचरत म्हणाला, "फक्त तळव्याची चाचणी अजून..."

"मी स्वतः पाहून आलोय. तळवा सुटला, तर ही मिशी उतरवीन."

असं म्हणून साहेबांनी मला ताव दिला. ब्रिगेडियरने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सही ठोकली. माझ्या अंगावर काटा आला, पण मिशीचं ऐकतो कोण?

त्यानंतर काही महिन्यांनी साहेबांची मुलगी सुट्टीवर घरी आली. तीही फौजेत, कॅप्टन. बाबा कुठल्याशा कंपनीत सल्लागार आहेत, यापलीकडे तिला काही माहीत नव्हतं. दारात लंगडत शिरली, टाचेला पट्टी. साहेबांची नजर गेली ती तिच्या हातातल्या बुटांवर.

"पॉलिश नाही केलंस?"

"बाबा, उलटा करून बघा तो."

साहेबांनी बूट हातात घेतला आणि उलटा केला. तळवा अर्धा सुटून लोंबत होता.

"सगळ्यांचेच सुटलेत," ती पलंगावर बसत म्हणाली. "डोंगर उतरताना माझ्या तुकडीतला एक जण घसरला. पाय मोडलाय त्याचा, नशीब दरीत नाही गेला. खोक्यावर कसल्यातरी मिशीचं चित्र आहे. पोरं उठता-बसता शिव्या घालतात तिला."

बोलता बोलता तिने वर पाहिलं. माझ्याकडे बघतच राहिली. मला लपायला जागा नव्हती, मी तोंडावरच होते.

साहेबांनी तळव्याचं आणि पैजेचं सांगून मालकाला बोलावून घेतलं. तो आला तोच हसत. "साहेब, पुढच्या मालाला दुहेरी शिवण घालू. मिशीचं कसलं मनावर घेता? ती बोलायची पद्धत झाली. कोणी खरंच उतरवतं का? मी खोक्यावर काय छापू मग?"

"तळवा छापा," साहेब म्हणाले. मोटारीची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली.

आयुष्यात पहिल्यांदा मला त्या मालकाचं म्हणणं मनापासून पटलं होतं. बोलायची पद्धतच ती. पण साहेब न्हाणीघरात गेले आणि आरशापुढे उभे राहिले. वस्तरा हातात घेतला. बाईसाहेब दारात आल्या.

"मी करून देऊ का?"

"नको. पैज मी लावली होती."

मी भांड्यात पडले, साबणाच्या पाण्यात. लोकांना वाटतं मिशी गेली म्हणजे गेली. मुळं आतच असतात हो, तिथून सगळं नीट ऐकू येतं.

साहेब थेट ब्रिगेडियरच्या कचेरीत गेले. फाटकावरच्या शिपायाने ओळखलं नाही. "आपण कोण? काम काय?" म्हणत त्याने व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. कोणी येणार हे कोणाला माहीत नसल्याने रंगही लागलेला नव्हता. भिंतीचे पोपडे सुटले होते, नळ गळत होता. साहेब ते सारं लक्ष देऊन बघत बसले. ब्रिगेडियर समोरून निघून चालला होता, हाक ऐकून वळला.

"सर? आपण?"

"जिच्याकडे बघून तू सही केलीस ती गेली. आता बूट बघ. आणि उलटे करून बघ."

त्याच दुपारी सगळा माल अडवला गेला आणि वाटलेले बूट परत मागवले गेले. ब्रिगेडियर मात्र अस्वस्थ होऊन स्वतःच्या मिशीवरून बोट फिरवत होता.

"सर, वरच्या साहेबांपुढे मीही तसंच बोलून बसलोय."

"मग वस्तरा घे," साहेब म्हणाले.

सुट्टी संपली. मुलीची जायची वेळ झाली. अशा वेळी आमचा शिरस्ता ठरलेला. ती कडक सलाम ठोकायची, साहेब मला पीळ देऊन "नीट राहा" म्हणायचे की झालं. या खेपेलाही साहेबांचा हात वर गेला आणि रिकाम्या ओठावरून परत आला. त्यांचा ओठ थरथरत होता. दर खेपेला थरथरायचा. मी वर असल्यामुळे कोणाला कधी दिसला नव्हता.

मुलीने सलामासाठी उचललेला हात खाली घेतला. बॅग दारातच टाकून ती आली आणि बापाच्या गळ्यात पडली. गाडीवाल्याने दोनदा भोंगा वाजवला, तरी दोघांनी तिकडे लक्ष दिलं नाही. बाईसाहेब पदराने डोळे टिपत राहिल्या आणि मी आपली कातडीखाली गुपचूप बसून होते.

हल्ली रोज सकाळी मी डोकं वर काढते आणि साहेब वस्तरा फिरवतात. मला राग नाही. एकच विनंती आहे. साहेब कुठे भेटले, तर "मिशीशिवाय चेहरा कसा ओका-ओका दिसतो" असं चुकूनही म्हणू नका. ते मनाला लावून घेतात आणि मला काय, उगवायला निमित्तच हवं असतं. पुढच्या सुट्टीला पोरगी येईल, परत जायला निघेल, तेव्हा मी मध्ये नको.