अर्ध्यावरचा झेंडा

खोटं तुम्ही बोललात, अध्यक्षसाहेब. दर सप्टेंबरला चॅपलच्या पायऱ्यांवर उभं राहून, नव्या पोरांच्या आईबापांसमोर, माइक हातात धरून. "इथे प्रत्येकाला नावानं ओळखलं जातं." माझा भाऊ ड्वेन तुमच्या पाठीमागे खुर्च्या मांडत असायचा. त्यानं ते खरं मानलं.

ड्वेन तुमच्या कॉलेजात माळीकाम करायचा. हिवाळ्यात प्राध्यापकांच्या दारातला बर्फ काढायचा. कॉलेजच्या आवारातल्या चौकातला झेंडा रोज चढवायचा आणि उतरवायचाही तोच. कॉलेजातलं कुणी गेलं की झेंडा अर्ध्यावर आणायचा तुमचा रिवाज. निवृत्त प्राध्यापक फ्लोरिडात वारला तरी ड्वेन टोपी काढून दोरी ओढायचा.

त्याच्या मुलीला, मॅरनला, सरकारी विद्यापीठात नर्सिंगला जागा मिळाली होती. पण कामगारांच्या मुलांना तुमच्याकडे फी माफ, म्हणून ड्वेन हटून बसला. घरात आठवडाभर खडाजंगी. मी तुमच्याच भोजनगृहात भांडी घासते, मी कशाला गप्प बसू? म्हटलं, नर्सला कुठल्याही गावात नोकरी आहे. टेकडी उतरलं की तुझ्या कॉलेजचं नाव पेट्रोलपंपावरच्या पोरीलाही ठाऊक नाही. तत्त्वज्ञान शिकून ही काय लोकांना इंजेक्शनं देणार?

"ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांना आहे, ग्लेनिस," तो म्हणाला. "तिथं शेकडो पोरांत ही एक आकडा होईल. इथं वर्गात दहा-बारा पोरं. मास्तर घरी जेवायला बोलावतात."

मॅरननं बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि नर्सिंगची जागा सोडली.

खरं ते खरं. शिकवलंत चांगलं. पोरगी पुस्तकांवर तुटून पडायला लागली, माझ्याशी मुद्द्यानं भांडायला लागली. तिला तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या ऑल्डन सरांनी तिला खरंच जेवायला बोलावलं. दुसऱ्या दिवशी ड्वेननं मला भोजनगृहाच्या मागच्या दारात गाठलं आणि ताटात काय काय होतं ते सांगत बसला, जणू तोच जेवून आला होता.

ऑक्टोबरात पानं गोळा करताना तो पडला. उठलाच नाही.

दफनाच्या सकाळी मॅरन आणि मी चौकातून चाललो होतो. झेंडा पार टोकाला फडफडत होता. माझं डोकं फिरलं. मॅरन शांतपणे म्हणाली, "आत्या, बाबांनीच चढवलेला आहे तो. उतरवणारा माणूस गेला."

मग तिनं दोरी सोडली आणि झेंडा अर्ध्यावर आणला. पहारेकरी धावत आला. ड्वेनच्या ओळखीचाच, त्यामुळे ओशाळलेला. हा मान शिक्षकांचा आणि विश्वस्तांचा, बाकीच्यांसाठी ऑफिसची परवानगी लागते, असं तो जमिनीकडे बघत म्हणाला. तेवढ्यात ऑल्डन सर आले.

"मॅरन, काय झालं? कोण गेलं?"

"माझे बाबा."

"अरेरे. इथेच जवळपास राहायचे का?"

"तुमच्या दारातला बर्फ काढायचे, सर."

मॅरननं दोरी हाताला गुंडाळून घेतली आणि तशीच उभी राहिली. दफनाला उशीर होत होता. मी तिला हाक मारली नाही.

तिचं नाव तुमच्या मास्तरांना पाठ होतं, साहेब. तेवढं कबूल. आता तिच्या बापाचं नाव, मी इथं लिहिण्याआधी, तुम्हाला ठाऊक होतं का? हो की नाही, तेवढंच सांगा.