धनुर्वाताची खोली

कुसाबाईला आणलं तेव्हा तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. पेठ गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावरून तिचा नवरा पुंजा तिला आधी बैलगाडीतून आणि मग एस.टी.तून नाशिकला घेऊन आला होता. भाताच्या कापणीत तिच्या तळपायात धसकट घुसलं होतं. जखम बारीक होती. तिने हळद दाबली आणि पुन्हा कापणीला लागली. नवव्या दिवशी तिला तोंड उघडता येईना.

अठ्ठ्याहत्तर सालचा नोव्हेंबर होता. विमल गांगुर्डे त्या रुग्णालयात अकरा वर्षं नर्स होती. रुग्णालय देणगीवर चालणारं, विश्वस्तांच्या मर्जीतलं. धनुर्वाताची खोली बायकांच्या वॉर्डाच्या टोकाला होती. तिच्या खिडकीला काळा कागद चिकटवलेला होता, कारण या आजारात उजेड चालत नाही, आवाज चालत नाही, अंगाला नुसता हात लागलेला चालत नाही. लगेच झटका येतो, पाठीची कमान होते आणि श्वास अडकतो. आणि हे सगळं होत असताना माणूस पूर्ण शुद्धीवर असतो.

विमलने कुसाबाईच्या कानात कापसाचे बोळे घातले, खोलीत अनवाणी वावरायला सुरुवात केली, आणि आया अक्काबाईलाही चपला बाहेर काढायला लावल्या. औषधं चालू होती, नळीतून दूध-पाणी चालू होतं. तिसऱ्या दिवशी झटके जरा कमी झाले.

चौथ्या दिवशी सकाळी खिडकीखाली हातोडे सुरू झाले.

रुग्णालयाचा नवा वॉर्ड तयार झाला होता. येत्या रविवारी त्याचं उद्घाटन होतं आणि मांडव नेमका त्या खिडकीला लागून घालायचा ठरला होता. एक घाव पडला की कुसाबाईच्या अंगातून कळ जायची. विमल धावत खाली गेली.

"भाऊ, वर पेशंट आहे. मांडव पलीकडे घाला ना."

"आम्हाला जागा आखून दिलीय, सिस्टर. ऑफिसात विचारा."

ऑफिसात कारकून म्हणाला, लेखी अर्ज द्या. तिने तिथेच उभ्याने लिहून दिला. त्याने तो कागदांच्या ढिगाऱ्यावर ठेवला आणि म्हणाला, सेक्रेटरी सोमवारी येतील. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, "तुमचं बरोबर आहे," असंही म्हणाले, पण मांडवाचं काही त्यांच्या हातात नव्हतं. राहिल्या मेट्रन.

"चार दिवसांचा प्रश्न आहे, गांगुर्डे सिस्टर," मेट्रन म्हणाल्या.

"तिच्याकडे चार दिवस आहेत का, तेच माहीत नाही, मॅडम."

"उगाच टोकाचं बोलू नका. खिडकी लावून घ्या."

खिडकी पहिल्या दिवसापासून लावलेलीच होती.

त्या चार दिवसांत विमलच्या तोंडाची चव गेली होती. सातपूरच्या कारखान्यातून दमून आलेल्या नवऱ्यावर ती खेकसायची. अक्काबाईवर खेकसायची. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेला पुंजा तिला पाहिलं की उठून उभा राहायचा.

"बाई, कसं हाय तिचं?"

"बाहेर बसा. गर्दी करू नका," एवढं बोलून ती पुढे जायची. तिला कधी ऑफिस गाठायचं असायचं, कधी डॉक्टरांना.

शनिवारी व्हरांडा धुवायला काढला. नातेवाइकांची गाठोडी, डबे सगळं उचलायला लावलं आणि उद्घाटन होईपर्यंत कुणी आत येऊ नये असा हुकूम निघाला. पुंजा फाटकाबाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसला. तो कुठे गेला हे विमलला दुपारी कळलं, तेही अक्काबाईकडून.

रविवारी सकाळी दहा वाजता कर्णा लागला. सनईची तबकडी, मग "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग", मग परत सनई. पाव तासात कुसाबाईला दोन झटके आले. दुसऱ्या झटक्यात तिचे ओठ निळे पडले. विमलने ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. श्वास परत लागला तेव्हा कुसाबाईच्या डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळत होतं. विमलला ते पुसताही येत नव्हतं.

ती बाहेर आली. समोर नवा वॉर्ड. त्यात वीस खाटा, वीस नव्या कापसाच्या गाद्या, वर परीटघडीच्या चादरी.

"अक्काबाई, पेशंटजवळ थांबा. नव्या वॉर्डाचं मागचं दार उघडं आहे ना?"

"काय करताय, सिस्टर?"

"गाद्या आणते. खिडकीला लावायच्या."

"नोकरी जाईल!"

"तुमची नाही जाणार. मी सांगितलं म्हणून सांगा."

मागच्या बाजूने ती फाटकाकडे गेली आणि पुंजाला घेऊन आली. काय करायचंय ते तिने खुणेने दाखवलं. तो दोन-दोन गाद्या डोक्यावर घेऊन आला. चार खेपांत आठ गाद्या झाल्या. पाच खिडकीला उभ्या लावल्या, तीन दाराला. सनई बंद झाली नाही, पण पाण्याखालून आल्यासारखी दबकी ऐकू यायला लागली.

पुंजाने सहा दिवसांत पहिल्यांदाच बायकोला पाहिलं. चुकून हात लागेल म्हणून त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले आणि कोपऱ्यात उभा राहिला. भाषणं संपेपर्यंत तो तसाच उभा होता. त्या अडीच तासांत कुसाबाईला एकच झटका आला, तोही लहान.

पाहुण्यांनी फीत कापली आणि आत पाहिलं, तर वीसपैकी आठ खाटांच्या उघड्या पट्ट्या दिसत होत्या.

"मला त्यांनी विचारलं, गाद्या कुठे आहेत," मेट्रन नंतर विमलला म्हणाल्या. "काय सांगायचं होतं मी?"

"पेशंटला लागल्या म्हणून सांगायचं."

"त्या गाद्या उद्घाटनासाठी होत्या! आणि बायकांच्या वॉर्डात पुरुष आणलात तुम्ही."

"तिचा नवरा आहे तो."

"लेखी खुलासा द्या."

विमलने खुलासा दिला. त्यात तिने हातोड्यांचं लिहिलं, कर्ण्याचं लिहिलं, प्रत्येक झटक्याची वेळ लिहिली. उत्तर आलं ते दोन ओळींचं: खुलासा समाधानकारक नाही, एक तारखेपासून बाह्यरुग्ण विभागात नेमणूक. पुढच्याच आठवड्यात नव्या वॉर्डासाठी जनरेटर आला आणि तो मांडवाच्या जागी, त्याच खिडकीखाली बसवला. विमलने परत अर्ज दिला. कारकुनाने तो परत ढिगाऱ्यावर ठेवला.

कुसाबाई मात्र तगली. गाद्या कुणी मागायला आलं नाही, त्या तशाच उभ्या राहिल्या. हळूहळू जबडा सैल झाला. सतराव्या दिवशी तिने चमच्याने पेज घेतली. बाविसाव्या दिवशी तिला घरी सोडायचं ठरलं.

विमल तेव्हा खाली बाह्यरुग्ण विभागात होती. रांग सोडून ती पाच मिनिटांसाठी वर आली. कुसाबाई बाकावर बसली होती, वाळून काटकी झालेली, आणि पुंजा गाठोडं बांधत होता. विमलला पाहताच तो उठला.

"बाई, एक इचारू? रागावू नका."

"विचारा ना."

"घरी नेल्यावर हिला येगळी ठेवू, का पोरं येगळी ठेवू?"

विमलला समजेना. "वेगळी कशाला?"

"ह्यो रोग लागतो ना. म्हणून तर तुम्ही मला लांब बसवलं. मी पाड्यावर सांगावा धाडला, हिची गोधडी जाळा, पोरं मामाकडं न्या. हिची आय येनार होती. मीच नको म्हणलं. म्हातारीला लागला तर?"

"मग मला विचारलं का नाही?"

पुंजा खाली बघत म्हणाला, "तुम्ही लय रागात असायच्या. म्हणलं, आपलंच काय तरी चुकलं."

विमलच्या ओठांवर उत्तर होतं. राग तुमच्यावर नव्हता, मी तुमच्यासाठीच भांडत होते. पण तिच्या लक्षात आलं की त्याच्याशी ती बावीस दिवसांत एकदाही दोन मिनिटं बसून बोलली नव्हती. इतरांना तिने पानंच्या पानं लिहून दिली होती.

ती बाकावर बसली. पुंजाला बाजूला बसवलं.

"पुंजादादा, हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तो मातीत असतो, जखमेतून अंगात शिरतो. मी तुम्हाला बाहेर बसवलं ते फक्त आवाज नको म्हणून."

"लागत नाय?"

"नाही."

"पोरांना बी नाय?"

"कुणालाच नाही. पोरांना घरी आणा. फक्त सगळ्यांना धनुर्वाताची लस टोचून घ्या, हिला पण. एकदा होऊन गेला म्हणून परत होत नाही, असं नाही."

कुसाबाई इतका वेळ नुसती ऐकत होती. जबडा अजून जड होता, शब्द अडखळत बाहेर आले.

"म्हंजे आय म्हणून नाय आली?"

पुंजाने होकारार्थी मान हलवली. कुसाबाईने पदर तोंडाला लावला. आपल्या आईने आपल्याला टाकलं, असं धरूनच ती त्या अंधारात पडून राहिली होती.

विमलने केसपेपरच्या मागचा कोरा कागद फाडला. पाड्यावर शाळेचे मास्तर येतात का, विचारलं. येत होते. मग तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं, की कुसाबाईचा आजार दुसऱ्याला लागत नाही, तिच्यापासून कुणी लांब राहू नये, आणि खाली आपली सही केली. पुंजाने कागदाची घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

ती खाली परतली तेव्हा रांग दारापर्यंत आली होती. "कुठे होता इतका वेळ? लोक ताटकळलेत," तिथला कारकून ओरडला. रांगेतल्या पहिल्या बाईच्या कडेवर तापाने फणफणलेली मुलगी होती. विमलने थर्मामीटर झटकला, आणि तो मुलीच्या काखेत लावायच्या आधी बाईला विचारलं, "तुम्हाला कसली भीती वाटतेय, ते आधी सांगा."