डाव्या सिंकची नळी

कापूसच आला नाही म्हणून जिनिंग संक्रांतीलाच बंद पडली. तेव्हापासून तिथले मेकॅनिक असलेले माझे अब्बा बाभुळगावात नळाची कामं करू लागले होते. त्या रविवारी ते आमच्याच स्वयंपाकघरात डबल सिंकखाली आडवे झाले होते. उजव्या सिंकची नळी जोडून झाली. डाव्याची राहिली, मधला जोड तोकडा पडला. माझा धाकटा भाऊ रिजवान पान्हा धरून पेंगत होता. त्याला लहानपणापासून ते कामावर नेत. मला पुस्तकं आणून देत. मी पान्ह्यासाठी हात पुढे केला.

“तू वाच, गुलनार. हात काळे कायले करते?”

“वाचून वाचून डोळे जातीन तिचे,” शेजारच्या बेबीताई दारातून म्हणाल्या. “मंग चष्मा तुमालेच घ्या लागन, मुख्तारभाऊ.”

“घीन ना. पोरगी माहीच आहे.”

संध्याकाळी त्यांनी लांब जोड आणून सिंकखाली ठेवला. उद्या लावू म्हणाले.

सकाळी फजरच्या नमाजला गेलेल्या अब्बांना चौघांनी उचलून घरी आणलं. दुपारी असरच्या नमाजनंतर दफन झालं.

मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, जेवण शेजारचे लोक पाठवतात. त्यांची भांडी मात्र घासून परत करायची असतात. दुसऱ्या दिवशी कुणीतरी डाव्या सिंकमध्ये पातेली घासली आणि खरकटं पाणी बसलेल्या बायांच्या पायांखाली आलं.

“प्लंबरले बोलावतो,” रिजवान म्हणाला.

“कोणाले?” अम्मीनं विचारलं.

मी ओढणी कमरेला बांधून सिंकखाली शिरले. जोड बसवला, चकत्या घालून नट कसले. डावीकडे पाणी सोडायला सांगितलं, तर ते उजव्या सिंकमध्ये वर आलं. सगळं पुन्हा उघडलं. जोडाची आडवी नळी मी उजव्या नळीत फार आत ढकलली होती, खाली जायची वाटच अडली होती. ती थोडी मागे ओढून पुन्हा कसली. पाणी उतरलं. जोडाला हात लावून पाहिला, कोरडा होता.

“बापासारखीच लोळते वो हे,” बेबीताई हळूच म्हणाल्या.

“झालं ना? निघ आता बाहेर,” अम्मी म्हणाली.

मी निघाले नाही.

“अब्बा,” मी तिथूनच म्हणाले, बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, “मले तुमच्यासंग कामावर यायचं होतं. रिजवानले नेत होते, तवा मले न्यायचं होतं.”