पालथे फोन

“उघडा डोळे!”

व्हायरलनाथ गरजले आणि अख्ख्या सभागृहाने एकदम डोळे उघडले. मंचावरच्या मोठ्या पडद्यावर एका पार्लरवालीचा व्हिडिओ होता, केसांची निगा कशी राखावी हे सांगणारा. त्याच्याकडे आजवर तिच्या सख्ख्या बहिणीनेही ढुंकून पाहिलं नव्हतं. डोळे मिटण्यापूर्वी त्याखालचा व्ह्यूजचा आकडा बोटांवर मोजण्याइतका होता, आता तो शेकड्यांत गेला होता. पार्लरवाली मंचावरच रडू लागली. मागच्या एका गृहस्थांनी उभं राहून हात जोडले, आणि ज्यांना हात जोडण्याइतकीही जागा नव्हती त्यांनी शेजाऱ्याला कोपर मारून आनंद व्यक्त केला.

“नुसतं बोट ठेवलं हो फोनवर!”

“त्या बोटातच काहीतरी आहे.”

तिसऱ्या रांगेतल्या बाईंना त्या बोटात नखापलीकडे काही दिसलं नाही. बाई शाळेत विज्ञान शिकवत. इथे त्या स्वखुशीने आल्या नव्हत्या, नवऱ्यावर लक्ष ठेवायला आल्या होत्या. नवऱ्याला सगळा बाजार घड्याळजी म्हणून ओळखत असे. हल्ली वेळ फोनमध्येच दिसते, त्यामुळे दुकानात गिऱ्हाईक कमी आणि माशा जास्त. म्हणून घड्याळजींनी घड्याळदुरुस्तीचे व्हिडिओ करायला घेतले. ते कुणी बघेना. आपलं काय चुकतंय हे शोधायला डोकं लागतं, नशिबाचं दार बंद आहे असं मानायला मान डोलावली की भागतं. घड्याळजींनी मान डोलावली.

आज त्यांच्या खिशात डोळ्याला लावायचं भिंग होतं आणि दुकानाची किल्ली होती. मंचावरच्या तबकात पार्लरवालीची कात्री आणि कुण्या शिंप्याची मोजपट्टी आधीच पडली होती. ‘जुन्या धंद्यात जीव अडकला की व्हिडिओचे पाय अडकतात,’ हे व्हायरलनाथांचं ब्रह्मवाक्य. आज भिंग तबकात टाकायचं आणि उद्या दुकान मालकाच्या ताब्यात द्यायचं, असं घड्याळजींनी ठरवून टाकलं होतं. आठवडाभर बाईंनी घसा कोरडा केला, पण पालथ्या घड्यावर पाणी.

“शंका असतील तर विचारा,” व्हायरलनाथ म्हणाले. पांढरे कपडे, पांढरे बूट, कानाला चिकटलेला माइक. “शंका विचारणारा शिष्य मला आवडतो. न विचारणारा त्याहून आवडतो.”

एका तरुणीने भीतभीत विचारलं, “सर, माझ्या व्हिडिओत अंधार येतो. खिडकीकडे तोंड करून बसू का?”

“खिडकी!” ते कीव आल्यासारखे हसले. “अगं, प्रकाश आतून यायला हवा.”

“आतून यायला माणूस म्हणजे काय फ्रीज आहे?” बाई पुटपुटल्या. घड्याळजींनी डोळे वटारले.

“आणि आवाज घुमतो त्याचं काय करू?” एक गृहस्थ.

“मौन पाळ. अल्गोरिदम झोपलेला असतो बाळा. आवाजाने नाही, स्पर्शाने जागा होतो.” बाळाला टक्कल होतं, तरी बाळ धन्य झालं.

मग घड्याळजींना हाक आली. ते मंचावर चढले, भिंग आणि किल्ली तबकात ठेवली आणि हात जोडून उभे राहिले. पडद्यावर त्यांचा व्हिडिओ आला. खाली इवलासा आकडा, आणि तोही लाजल्यासारखा कोपऱ्यात.

“आता सगळ्यांनी फोन मांडीवर पालथे ठेवा,” व्हायरलनाथांनी आज्ञा केली. “दाराशी कोड स्कॅन केल्यावर जे पान उघडलं, ते उघडंच राहू द्या. त्यावर माझा डोळा आहे. तुमचे मिटा, माझा उघडा राहील.”

मंचाच्या कोपऱ्यात एकजण लॅपटॉप उघडून बसला होता. स्वयंसेवक रांगांमधून फिरू लागले. कुणाचा फोन उताणा दिसला की हलक्या हाताने पालथा करत. व्हायरलनाथांनी घड्याळजींच्या फोनवर दोन बोटं टेकवली. सभागृह डोळे मिटून गुणगुणू लागलं.

बाईंचे डोळे मिटेनात. त्यात बंडखोरी नव्हती, सवय होती. परीक्षेच्या खोलीत जन्म गेलेल्या बाईला, सगळ्यांनी माना खाली घातल्या की मान वर करावीच लागते. त्यात मांडीला चटका बसू लागला. फोन तापला होता. काही न करता तापलेला फोन आणि काही न करता गप्प बसलेलं पोर, दोघांवरही ताबडतोब संशय घ्यावा, हे बाई नोकरीत शिकल्या होत्या. त्यांनी फोन उताणा केला.

पानावरचं डोळ्याचं चित्र गायब होतं. त्याजागी, आवाज बंद करून, त्यांच्याच नवऱ्याचा व्हिडिओ चालू होता. थोडा वेळ चालला, पान आपोआप ताजं झालं, पुन्हा पहिल्यापासून सुरू. बाईंनी शेजारणीचा फोन उचलला. तिथेही तेच. पुढच्या रांगेतल्या टकल्या बाळाचा उचलला. तिथेही घड्याळजीच!

“डोळे मिटा, ताई,” स्वयंसेवक कुजबुजला.

“मी मिटते हो, पण आधी तुमच्या साहेबांचे उघडते.” बाई उभ्या राहिल्या आणि शाळेच्या मागच्या बाकापर्यंत जाणारा आवाज लावला. “सगळ्यांनी फोन उताणे करा! आत्ता!”

वर्गात ऐकतात तसंच लोकांनी ऐकलं. क्षणभर सगळीकडे एकच व्हिडिओ दिसला, शेकडो मांड्यांवर, मुका.

“व्ह्यूज वाढवताय तुम्हीच,” बाई म्हणाल्या. “बोटाने नाही, पालथ्या फोनने. तो लॅपटॉपवाला बसलाय ना कोपऱ्यात, तो ठरवतो कुणाचा व्हिडिओ लावायचा.”

“अश्रद्धेची लहर आली आहे,” व्हायरलनाथ म्हणाले, पण माइकमध्ये त्यांचा श्वास मोठा ऐकू येत होता.

“लहर मोजता येते. सगळ्यांनी ते पान बंद करा. आणि तुम्ही ठेवा बोट. दोन काय, दहाही ठेवा.”

लोकांनी पानं बंद केली. आता कुणीच डोळे मिटले नव्हते. व्हायरलनाथांनी बोटं टेकवली, मग पंजा टेकवला, शेवटी फोन कपाळालाही लावला. आकडा जागचा हलला नाही. कोपऱ्यातला लॅपटॉपवाला तेवढा हलला, थेट मागच्या दारापर्यंत.

पुढे सगळे शहाणे झाले असं वाटत असेल तर तुम्हाला माणसं ठाऊक नाहीत. पार्लरवालीने कात्री उचलली आणि ती निघून गेली, पण हात जोडणारे गृहस्थ बाईंवरच भडकले. “आमचं बरं चाललेलं बघवत नाही तुम्हाला!” व्हायरलनाथ त्याच गोंधळात पांढऱ्या बुटांनिशी पसार झाले. ज्याचा खिसा कापला तोच चोराची बाजू घेतो, कारण नाहीतर आपण मूर्ख ठरतो, आणि तेवढं धैर्य फार थोड्यांच्या अंगी असतं.

घड्याळजी मंचाच्या पायरीवर बसले होते, हातात भिंग आणि किल्ली.

“म्हणजे कुणीच बघितला नाही,” ते म्हणाले. “इतक्या फोनवर लागला, आणि एकानेही बघितला नाही?”

“नाही.”

“तू तरी कधी बघितलास का गं?”

आठवडाभर बाई नवऱ्याला अंधश्रद्धेवर व्याख्यानं देत होत्या, आणि व्हिडिओ मात्र त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली.

“आज बघितला,” त्या म्हणाल्या. “फोन उताणा केला तेव्हा. अहो, त्यात तुमचा अंगठाच दिसतो! घड्याळ कुठंय? आणि किती वेळ नुसते हात जोडून बोलताय. माणूस तोवर पळून जाईल नाहीतर काय!”

घड्याळजींना राग आला. मग हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी दुकान मालकाकडे गेलं नाही. काउंटर खिडकीपाशी सरकवला, घरघरणारा पंखा बंद केला, फोन डब्यांच्या उतरंडीवर पक्का बसवला. मग बाईंनी ते भिंग फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरलं. घड्याळातलं एवढंसं चक्र पडदाभर झालं, डावीउजवीकडे झुलणारं, आणि घड्याळजींनी नमस्कार-चमत्कार सोडून थेट सांगितलं, “घड्याळ मागे पडतं ते इथे.”

तो व्हिडिओ मोजक्या लोकांनी पाहिला. त्यातल्या एकाने खाली लिहिलं, “आजोबांचं घड्याळ तुमचं बघून उघडलं. आता उरलेला स्क्रू कुठे बसतो?” घड्याळजींनी ते बाईंना तीनदा वाचून दाखवलं आणि उत्तर लिहायला बसले.

व्हायरलनाथ अजून फिरताहेत. कुठेतरी आत्ताही सभागृह भरलं असेल. चमत्काराला अंधार लागतो, आणि अंधार त्याच्याकडे नसतो, तो आपण डोळे मिटून पुरवतो. म्हणून तुमच्याकडे कुणी असा आला तर भांडू नका, व्याख्यान देऊ नका. तो मंत्र म्हणत असताना आपला फोन तेवढा उताणा करून बघा.