लिंडेनफुर्ट, स्टेशनपासून पायी

तन्मयने सव्वाबाराची वेळ दिली होती आणि गार्गी अकरा वाजताच सिंगापूरच्या पाया लेबार भागात येऊन बसली होती. वुडलँड्सच्या घरून यायला वेळ लागतो हे खरं, पण कारण ते नव्हतं. घरात बसवत नव्हतं. फूड कोर्टमध्ये कोपऱ्यातलं टेबल धरून तिने पिशवीतून वही काढली, आत ठेवली, पुन्हा काढली. निळ्या पुठ्ठ्याची साधी शंभरपानी वही. तिच्यात आईचं सतरा दिवसांचं बोलणं होतं आणि त्यातलं एक वाक्यही गार्गीला कळत नव्हतं.

आईला जाऊन सात आठवडे झाले होते.

आईने, संजीवनीबाईंनी, पुण्यात चौतीस वर्षं घरी जर्मनचे क्लास घेतले. कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये, हॉलमध्ये सतरंजी घालून, सहाची बॅच आणि साडेसातची बॅच. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं म्युनिकला गेली, स्टुटगार्टला गेली, तिथून फोटो पाठवत राहिली. बाई स्वतः कधी गेल्या नाहीत. आधी सासूबाईंचं अंथरूण, मग नवऱ्याचं, मग गार्गीचं इंजिनिअरिंग. एक्क्याण्णव साली त्यांनी लिंडेनफुर्ट नावाच्या एका लहानशा गावाच्या पर्यटन कार्यालयाला पत्र लिहून नकाशा आणि माहितीपत्रक मागवलं होतं. हेच गाव का, तर पुस्तकात त्याचं एक बोटभर चित्र होतं, एवढंच. गावाला दोन किल्ले: एक डोंगरावरचा पडका, दुसरा गावातच, पिवळ्या भिंतींचा, आरशांच्या दालनाचा. एक मोठी बाग, लिंडेनच्या झाडांची दुतर्फा रांग असलेली. चार किलोमीटरवर धबधबा. त्याच्या वर वाळूच्या दगडाचे सुळके, आणि वाकून शिरावं लागेल अशी एक गुहा. पुस्तकातले धडे पोरांना कंटाळवाणे होतात म्हणून बाईंनी या पत्रकावरून स्वतःचा धडा तयार केला होता. चौतीस वर्षं प्रत्येक बॅच त्या गावात स्टेशनपासून पायी हिंडली.

गार्गी नाही हिंडली. तिने आठवीत संस्कृत घेतलं, दहावीला मार्क मिळतात म्हणून. आईने एकदाच विचारलं होतं, "नक्की?" ती म्हणाली होती, नक्की. संध्याकाळी हॉलमधली पोरं खदखदून हसायची, आई त्यांच्याबरोबर हसायची, आणि गार्गी आतल्या खोलीत दार लावून शब्दरूपं पाठ करायची.

गेल्या सप्टेंबरात दोघींचं लिंडेनफुर्टला जायचं ठरलं होतं. ऑफिसातलं काम लांबलं. "मार्चमध्ये जाऊ, तेव्हा गर्दीही नसते," गार्गी म्हणाली. जानेवारीत आई सिंगापूरला आली, फेब्रुवारीत पोटदुखीच्या तपासण्या झाल्या, आणि मार्चमध्ये डॉक्टरांनी विमानाचं नावच काढू नका असं सांगितलं. मग गार्गीच्या फ्लॅटमध्येच पलंग, तिथेच नर्स.

शेवटचे सतरा दिवस आई मराठी बोलली नाही. औषधांनी असं होतं, असं नर्स म्हणाली. तब्येत बरी असली की गार्गी तिला व्हीलचेअरवरून पाण्याकाठी न्यायची. पलीकडे मलेशियातल्या जोहोरच्या इमारती दिसायच्या. आई त्यांच्याकडे बोट दाखवून जर्मनमध्ये काहीतरी सांगायची, लांबलचक, मजेत. मरणाऱ्या माणसाच्या तोंडापुढे मोबाइल धरायची गार्गीला लाज वाटली. म्हणून ती मांडीवर वही घेऊन ऐकू येईल तसं देवनागरीत उतरवू लागली. आईचे विद्यार्थी पहिल्या महिन्यात असंच करायचे. ही वही कुठल्या जर्मन माणसाला वाचता आली नसती. मोबाइलला तर नाहीच. तो प्रयत्न करून झाला होता. दोन्ही येणारा माणूस हवा होता, म्हणजे आईचाच विद्यार्थी. आईच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तन्मयने शोकसंदेश टाकला होता, खाली सिंगापूरचा नंबर होता.

तिला सगळी वही नको होती. तिला शेवटचं पान हवं होतं.

शेवटच्या संध्याकाळी, सहाच्या सुमाराला, आईने तिचं मनगट धरलं होतं आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं होतं. आधी हळू, मग मोठ्याने, मग जवळजवळ चिडून. कपाळाला आठ्या. गार्गी "हो आई, हो" म्हणत राहिली. मग तिने नर्सला सांगितलं, हिला फार दुखतंय, काहीतरी करा. नर्सने विचारलं, नक्की? तिने सांगितलं, नक्की. नर्सने डॉक्टरांना फोन करून डोस वाढवला. आईची पकड सुटली, ती झोपली, आणि पहाटे गेली. त्या वाक्यानंतर ती कुणाशीच काही बोलली नाही.

ते वाक्य "दुखतंय" असेल, तर गार्गीने बरोबर केलं होतं.

तन्मय बरोबर सव्वाबाराला आला. चाळिशीला टेकलेला, गळ्यात ऑफिसचं कार्ड, हातात ट्रे, ट्रेवर दोन कॉफ्या.

"गार्गीताई ना? मी ओळखलं असतं. तुम्ही आम्हाला सरबत आणून द्यायचात आणि ग्लास आपटायचात."

"आपटत नव्हते. ठेवत होते."

"सतरंजीवर आवाज व्हायचा." तो बसला, मग चेहरा सावरला. "सॉरी. बाईंचं कळलं तेव्हा दोन दिवस काही सुचलं नाही. मला तर बाईंनी दारात उभं केलं होतं. 'तन्मय, तुझं जर्मन ऐकून गावातले लोक घरं सोडून जातील.'"

"असं म्हणायची?"

"मला तर रोज म्हणायच्या."

गार्गी हसली नाही. तिने वही उलटी धरून शेवटचं पान उघडलं आणि त्याच्यापुढे सरकवली. "हे वाच. एकच ओळ आहे. आईचं शेवटचं बोलणं. तेव्हा तिला दुखत होतं का, एवढंच मला सांग."

त्याने ओळ वाचली. ओठ हलले. उन्ट येत्स्ट, वोहिन? खाली तीच ओळ, पुन्हा तीच, अकरा वेळा. शेवटी शेवटी अक्षर वाकडं झालेलं, कारण आईने उजवं मनगट धरलं होतं. त्याने वर पाहिलं. समोर बसलेल्या बाईच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि कॉफीचा कप तिने दोन्ही हातांनी धरला होता.

"हो," तो म्हणाला. "दुखतंय असंच आहे. खूप दुखतंय, असं."

"नक्की?"

"नक्की."

तिने वही परत ओढली, मधलं एक पान काढलं आणि बोट ठेवलं. "हा चौथा दिवस. इथे बघ, तीच ओळ. समोर मी लिहिलंय, हसली. हा सातवा. तीच ओळ. सूप संपवलं, माझा गाल ओढला. नववा. तीच ओळ. तन्मय, माझा गाल ओढताना ती दुखतंय म्हणत होती?"

त्याने गळ्यातलं कार्ड उलटं केलं.

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. तसं सांगणारे खूप भेटले."

"ताई, मला ऑफिसला..."

"पाच मिनिटं. पहिल्या पानापासून वाच."

त्याने वही घेतली आणि पहिल्या पानापासून वाचू लागला. आधी अडखळत, मग सलग, मधूनच अर्थ सांगत. आपण स्टेशनवर उतरलो. समोर पोस्ट ऑफिस आहे, डावीकडे बेकरी. बेकरीवरून चढण लागते, वर पडका किल्ला, तीनशे पायऱ्या, हळू चढ, घाई नाही. वरून नदी दिसते, नदीपलीकडे दुसरा किल्ला, तो बघ, पिवळा. गार्गीच्या डोळ्यांपुढे जोहोरच्या काठावरची पिवळसर इमारत आली. आईचं बोट तिच्याकडेच असायचं. पाचव्या दिवशी दोघी बागेत होत्या. लिंडेनची झाडं, तळ्यात हंस, त्यांना ब्रेड घालायचा नाही असा बोर्ड. आठव्या दिवशी धबधबा. दहाव्या दिवशी गुहा: डोकं सांभाळ, तू उंच आहेस. वाचता वाचता तन्मयचा आवाज बदलला. तो बाईंच्या हेलात वाचत होता आणि त्याला ते कळत नव्हतं.

"हा आमचा धडा आहे," तो म्हणाला. "जसाच्या तसा. फक्त बाई आम्हाला 'तुम्ही' म्हणायच्या, परीक्षेत असतं तसं. इथे सगळीकडे 'तू' आहे."

"आणि ती ओळ?"

त्याने कप उचलला, ठेवला.

"तोंडी परीक्षा असायची. बाई रस्ता सांगत सांगत एखाद्या वळणावर आणायच्या आणि थांबायच्या. मग विचारायच्या, आणि आता? कुठे? आपण पुढचं वळण सांगायचं. सांगितलं की बाई पुढे निघायच्या."

"नाही सांगितलं तर?"

"थांबायच्या."

"किती वेळ?"

"ताई, जाऊ द्या ना."

"किती वेळ, तन्मय?"

"कितीही. उत्तर कधी स्वतःहून द्यायच्या नाहीत. तोच प्रश्न पुन्हा, जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. आम्ही रडकुंडीला यायचो." त्याने मान खाली घातली. "रागावलेल्या नसायच्या. चेहरा तसा दिसायचा. त्यांना वाटायचं, तोंडावर आलंय, आता सांगेलच."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी खुर्ची ओढली. गार्गी वहीकडे बघत राहिली. चौथ्या दिवशी आई कुठल्या वळणावर थांबली होती, आणि गार्गीने मान डोलावल्यावर, हो आई म्हटल्यावर, आईने काय समजून घेतलं होतं? कदाचित असं: चालेल, पोरीला येत नाही, दुसऱ्या दिवशी दुसरीकडून नेऊ. सतरा दिवस आईने रोज नवा रस्ता धरला होता. शेवटच्या संध्याकाळी तिला उद्याची वाट पाहायची नव्हती.

"शेवटच्या दिवशी आम्ही कुठे होतो?" तिने विचारलं.

त्याने आदल्या पानावरची ओळ वाचली. "गुहेतून बाहेर. एक वाट सुळक्यांकडे, एक खाली गावात."

"कुठे जायचं असतं?"

तन्मयने डोळे मिटले. मग म्हणाला, "आठवत नाही. खरंच. त्या वळणावर मी नेहमी अडकायचो." तो घाईने पुढे म्हणाला, "पण अडकलं तर बाईंनी एक सोय ठेवली होती. एक वाक्य. ते म्हटलं की अर्धा मार्क, आणि मग बाई स्वतः उरलेला रस्ता सांगायच्या, शेवटपर्यंत. पहिल्याच दिवशी शिकवायच्या सगळ्यांना. 'मी इथली नाही.'"

"एवढंच?"

"एवढंच. इश बिन निश्त फोन हिअर."

गार्गीने पिशवीत हात घालून पेन काढलं. अकराव्या ओळीखाली तिने ते लिहिलं, ऐकू आलं तसं. मग वाचलं.

"निश्त," तन्मय सवयीने म्हणाला. "'निस्त' नाही. श, जीभ जरा..." आणि थांबला.

तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं असावं, कारण त्याने ते सुधारलं नाही. तिने पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"माझी आई उत्तराची वाट बघत होती," ती म्हणाली, "आणि मी तिला झोपवलं."

"तुम्हाला कसं कळणार होतं?"

"चौतीस वर्षं शेजारच्या खोलीत शिकवत होती."

त्याचा फोन टेबलावर थरथरला, त्याने तो पालथा केला. "ग्रुपवर विचारू का? त्या वळणाचं? दीडशे जण आहेत, कुणालातरी आठवेल."

"नको."

"निदान कळेल तरी, कुठे..."

"कळून कुणाला सांगू?"

टेबलं पुसणारी आजी फडकं घेऊन आली आणि रिकामे कप दाखवून मंदारिनमध्ये काहीतरी म्हणाली. तन्मयने तिला हाताने थांबायची खूण केली, आणखी एकच मिनिट, म्हणून. ती थांबली. गार्गी उठत नव्हती. तिने एका हातात वही धरली होती आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं उजवं मनगट. त्या संध्याकाळी जिथे धरलं गेलं होतं तिथेच, घट्ट.