मी मीठ नाही

मित्रांनो, जरा डोळे मिटा. एक अख्खी टेकडी जात्यात दळली आहे, असे समजा. ते पीठ पाण्यात घुसळले, त्यातले तांबे तेवढे कोणी काढून नेले. मग उरलेले राखाडी पीठ कुठे गेले असेल? तेच मी. दारव्ह्याच्या पलीकडच्या टेकड्यांत पडून असलेला, तांब्याच्या खाणीचा जुना गाळ.

आधी मी दगड होतो. माणसे पहारी आणि टोपल्या घेऊन आली. हिरवट दगड निवडायचे, बाकीचे खाणीच्या तोंडाशी टाकायचे, एवढेच त्यांचे काम. पुढे चांगला दगड संपत आला, तेव्हा यंत्रे आली. हलका दगडही बारीक दळून, औषध घातलेल्या पाण्यात घुसळू लागले. तांबे फेसाबरोबर वर यायचे. मला नळातून खालच्या खोलगट जागेत सोडायचे आणि पुढे मातीचा बांध घालायचे. खाण बघायला पाहुणे येत, फोटो काढत. माझ्याकडे मात्र त्यांची पाठ असे.

मग खाण परवडेना. यंत्रे गेली, पत्रे गेले, तारेचे कुंपणही कोणी उचलून नेले. मला झाकायचे तेवढे राहून गेले. उन्हाळ्यात माझ्या पोटातली ओल वर येते, सुकते आणि अंगावर पांढरा थर धरते. दिसायला अगदी मीठ.

जवळच्या तांड्यावर किसनसिंग राहतो. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरत. त्याचा त्याला फार अभिमान. शेळ्यांना मीठ चाटू दिले की त्या धडधाकट राहतात, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. एका दुपारी तो बांधावर आला, माझा थर बोटाने खरवडून जिभेला लावला आणि थुंकला. त्याची नात अंजू सोबत होती. तांड्यावर आजोबाला दादा म्हणतात.

"दादा, कडू लागलं का?" तिने विचारले.

"जुनं मीठ असंच लागते," तो म्हणाला. "मले मीठ शिकवून राह्यली का तू? आपल्या सात पिढ्यायनं वाह्यलं ते."

मला ओरडून सांगावेसे वाटले. पण गाळाला तोंड नसते.

किसनसिंगने ही गोष्ट तांडाभर सांगितली. त्याचा शब्द सगळे मानत. घरोघरच्या शेळ्या माझ्याकडे येऊ लागल्या. अंजूची शेळी चांदी गाभण होती, म्हणून तिला सगळ्यांच्या आधी आणले. आठवडा झाला नसेल, तोच चांदीने चारा सोडला. तिच्या तोंडाला फेस आला, पाय लटपटू लागले.

दारव्ह्याहून गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी चांदीला औषध दिले, मग किसनसिंग आणि अंजूबरोबर बांधावर येऊन मला पाहिले. शेळी वाचेल, पण पोटातल्या पिल्लाचे सांगता येत नाही, असे ते म्हणाले. हे मीठ नाही, दगड धुतलेल्या पाण्याचा क्षार आहे, आणखी चाटले तर दुसऱ्या शेळ्या मरतील, हेही त्यांनी सांगितले. हे ऐकायला बांधावर त्या दोघांशिवाय तांड्यावरचे कोणी नव्हते.

मित्रांनो, मी वाईट नाही हो. मला उघड्यावर सोडले, एवढेच. माझ्यावर चांगल्या मातीचा जाड थर घाला, गवत लावा, बांधाच्या भेगा बुजवत राहा. मी गुपचूप झोपून राहीन. जमिनीतून काही काढाल, तर उरलेल्याचीही सोय लावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी किसनसिंग माझ्याच बांधावर येऊन बसला होता. तांड्यावर शेळ्या सोडायची वेळ झाली होती. अंजू धावत आली.

"दादा, चाला. रामलालकाका शेळ्या सोडून राह्यले."

"तूच सांग जाऊन. मी कोन्या तोंडानं सांगू?"

"मी सांगतलं त् हासले. म्हनतात, किसनसिंगले जास्त समजते का तुले? तुमीच सांगा. तुमचं आयकतीन."

तो उठेना. डोक्यावरचे पागोटे सारखे करत राहिला. तिकडून शेळ्यांचा आवाज जवळ येऊ लागला.

मग अंजू पुढे झाली. तिने त्याची काठी उचलून त्याच्या एका हातात दिली, दुसरा हात स्वतः घट्ट धरला आणि शेळ्या येत होत्या त्या वाटेवर, सगळ्यांच्या समोर, त्याला नेऊन उभे केले.