ठोकळ्यांचा बांध

तू काय करतेस असं कुणी विचारलं, तर माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. धाराशिवला संगणकाच्या क्लासमध्ये शिकवते, हे पाहुण्यारावळ्यांसाठी. खरं उत्तर असं, की मी बेंबळी बांधते.

बेंबळी हे आमचं गाव, पण माझी ही दुसरी बेंबळी इंटरनेटवर आहे. तिथं एक अफाट दुनिया आहे, सगळी ठोकळ्यांची, आणि तिथं येणाऱ्या लोकांनीच ती उभी केलीय. मोकळी जागा घ्यायची आणि मनात येईल ते बांधायचं. दोन वर्षं मी तिथं नुसती उंडारत होते. केरळातल्या काही निवृत्त रेल्वेवाल्यांनी तिथं आगगाड्या सुरू केल्यात. गाड्या अगदी मिनिटाला मिनिट वेळेवर, पण आत चिटपाखरू नाही. कोरियातल्या एका आजीनं ढगावर मुळ्याचे वाफे केलेत, आणि न विचारता मुळा उपटला की ती काठी घेऊन मागं लागते. ऐकू न येणाऱ्या पोरापोरींनी एक नाचघर बांधलंय, तिथलं गाणं दिव्यांचं असतं. मला वाटलं, जगात इतके लोक हे उद्योग करतात, मग आपणच काय घोडं मारलंय? मी बेंबळी हातात घेतली. एक ठोकळा म्हणजे एक हात. पार, मारुतीचं देऊळ, एसटीचा थांबा, शिवार, सगळं मापात. थांब्याच्या कोपऱ्यातल्या पानाच्या पिचकाऱ्यासुद्धा सोडल्या नाहीत.

त्या दुनियेत ‘वाटसरू’ नावाची एक मंडळी आहे. बारा देशांची चाळीसेक माणसं. दर रविवारी पाच वाजता ती एखादी नवी जागा बघायला जातात, आणि जागा पसंत पडली तर दुनियेच्या वेशीवर तिच्या नावाची पाटी लावतात. ती पाटी मला हवी होती. वर्षभर मी अर्ज करत होते, आणि क्लासला जाताना एसटीत बसल्या बसल्या ती पाटी मला डोळ्यांपुढे दिसायची. शेवटी त्यांच्या पुढारीण मार्टाबाई, पोर्तुगालच्या पोस्टातून निवृत्त झालेल्या, यांचा निरोप आला. येत्या रविवारी येतो. खाली त्यांचा एकुलता एक नियम होता. दुसऱ्याच्या जागेतला एक ठोकळा जरी ढापलेला आढळला, तरी पाटी नाही आणि बांधणारा कायमचा बाद.

मला हसूच आलं. मी आणि ढापाढापी!

अडचण वेगळीच होती. गाव झकास झालं होतं, पण त्यात माणूस नव्हता. म्हणून मी वडलांना, म्हणजे आमच्या गुंडाप्पांना, मोबाईलवर त्या दुनियेत उतरवलं. माझी मैत्रीण शिवलीला, तिनं तिच्या सासऱ्यांना, हिंमतकाकांना उतरवलं. आता हे दोघे खऱ्या शिवारातले शेजारी, बांधाला बांध. बांध कुणी कोरला यावरून नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मोजणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळेला हद्दीचे दगड रातोरात चालते झाले.

शिवलीला घाबरली होती. “ह्यांना एका जागी कशाला आणायलीस?”

“तिथं मातीच न्हाय गं,” मी म्हणाले. “भांडतील कशावरून?”

सोमवारी आप्पा आत आले. देवळाकडं, पाराकडं ढुंकून बघितलं नाही. मी त्यांना उडायची सोय करून दिली होती, तर म्हणाले, “पाय हायेत की.” चालत चालत थेट आमच्या रानात गेले आणि उभे राहिले. मंगळवारी बांधाची एक ओळ कमी झाली. बुधवारी पलीकडून दोन ओळी गेल्या. रोज क्लासवरून आले की मी बांध घालायची आणि दुसऱ्या दिवशी दोघं मिळून तो फस्त करायचे. शनिवारपर्यंत बांधावरची बाभळ अधांतरी लोंबायला लागली, कारण त्या दुनियेत खालची माती काढली तरी झाड पडत नाही.

माझं डोकं फिरलं. दोन्ही घरी जाऊन मी दोघांना झाडलं. “वयं काय तुमची? जे आपलं न्हाय त्याला हात लावू नये, एवढं अंगणवाडीतल्या पोरांना कळतं!”

आप्पा म्हणाले, “त्याला सांग.”

हिंमतकाका म्हणाले, “बापाला सांग तुझ्या.”

रविवारी पाचला वाटसरू आले. तिथं कुणी काहीही बोललं की ज्याच्या त्याच्या भाषेत पडद्यावर उमटतं. मंडळी पारावर बसली, थांब्यावर न येणाऱ्या एसटीची वाट बघून झाली, पिचकाऱ्यांचे तर फोटो काढले. मी हवेत होते. मग मार्टाबाई शिवाराकडं वळल्या आणि थबकल्या. लोंबती बाभळ, खाली खड्डा, खड्ड्याच्या दोन कडांना दोन म्हातारे, हातात फावडी.

“ही काही कलाकृती आहे का?” त्यांनी विचारलं.

“हो, आमच्याकडची पारंपरिक,” मी ठोकून दिलं.

“कसली कला?” हिंमतकाका ओरडले. “चोरी हाय! बाई, आमाला न्याव पायजे!”

आणि त्या उत्साही बाईंनी खरंच न्यायनिवाडा मांडला. त्या दुनियेत कुठला ठोकळा कुणी, कधी हलवला याची नोंद राहते. बाईंनी बांधाची नोंद उघडली आणि सगळ्यांसमोर वरून खाली वाचत गेल्या. आप्पा, काका, मी, पुन्हा आप्पा, काका, मी. सगळ्यात तळाला, म्हाताऱ्यांचा जन्मही तिथं झाला नव्हता तेव्हाची एक ओळ होती. फेब्रुवारीतला एक मंगळवार. अख्खा बांध एक ठोकळा हिंमतरावांच्या रानात सरकवला. सरकवणारी वर्षाराणी, म्हणजे मी.

माझ्या कानातून वाफा निघाल्या. कारण ते खरं होतं. मोजणीच्या नकाशावरून मी बांध आधी बरोबर जागेवर घातला होता. तेव्हा आप्पा माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. “तिथंबी रान तेवढंच व्हय आपलं?” इतकंच म्हणाले आणि चहा प्यायला गेले. माझा हात आपोआप वळला. नंतर मी ते विसरूनही गेले, हे मारुतीची शपथ घेऊन सांगते.

मार्टाबाईंचा आवाज बदलला. “नियमानं तू बाद, पण जागा या गृहस्थांची आहे. तुला माफ करायचं की नाही, हे तेच सांगतील.”

वर्षभराची माझी पाटी हिंमतकाकांच्या हातात गेली. ते तिकडं मिशीला पीळ देत असणार.

“माफ करतो,” शेवटी म्हणाले. “पर लिवून द्यावं. गुंडाप्पाच्या घरानं हिंमतरावाचा बांध एक हात कोरला, असं.”

आप्पा माझ्या शेजारीच बसले होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. लिहून टाकलं, आणि घाईघाईत दोनदा पाठवलं. पाच पन्नासला वेशीवर ‘बेंबळी’ अशी पाटी लागली आणि मी घरभर नाचले.

सोमवारी सकाळी त्या कबुलीचा छापील कागद खऱ्या पारासमोरच्या हॉटेलात लागला होता. रंगीत, लॅमिनेशन केलेला, खाली माझं नाव. हे ठोकळ्यांच्या रानाचं आहे, असं मी घसा फोडून सांगितलं. ऐकतो कोण? “गुंडाप्पा, पोरीनंच लिवून दिलंय की,” म्हणून जो तो आप्पांना चहाबरोबर टोमणा पाजत होता.

मी हिंमतकाकांकडं धावले. “लिहिलेलं माघारी घेते मी.”

“घे की,” ते म्हणाले. “मग त्या बाईला सांगून पाटीबी काढाया लावतो.”

घरी येऊन मी रडले. लाज वाटत होती आणि पाटीही सोडवत नव्हती, दोन्ही खरं. आप्पा उंबऱ्यात बसले होते.

“खऱ्या रानात म्या त्याचं एक बोटबी खाल्लं न्हाय, राणी.”

“आप्पा, सांगते मी सगळ्यांना. जाऊ दे पाटी.”

“गप. पाटीवर नाव कुणाचं हाय? बेंबळीचंच न्हवं?” ते उठले. पहार घेतली, एक चांगला लांबट दगड खांद्यावर टाकला आणि रानाकडं चालू लागले. मी मागं. हिंमतकाका बांधापलीकडं, त्यांच्या रानात उभेच होते. आप्पांनी बांधापासून आपल्या रानात एक हात मोजला आणि खड्डा खणून दगड उभा केला.

“घे,” नऊ वर्षांत पहिल्यांदा ते काकांशी बोलले. “तुझा हात.”

काकांचं तोंड उघडंच राहिलं. “आरं गुंडाप्पा... म्या नुसतं तुला चिडवाया...” त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. “चल, चा घिऊ,” म्हणाले आणि वस्तीकडं वळले.

मला हुंदका आला. कुठंच नसलेल्या गावाच्या पाटीसाठी माझ्या बापानं हातभर काळी माती दिली होती. एवढं शरमल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आप्पा दगडाभोवतीची माती पायानं चोपत होते. काकांची पाठ पुरती वळल्यावर त्यांनी टाच लावली आणि दगड हळूच चार बोटं काकांच्या बाजूला रेटला.

मी बघितलं. मी बघितलं हे त्यांनीही बघितलं.

“चल,” ते म्हणाले, “चा थंड हुईल.”